पोरीचं बोलणं आणि माझं गप्प बसणं

मी लग्नात बोलतो. म्हणजे दुसऱ्यांच्या लग्नात. स्वतःच्या लग्नातही बोललो होतो, भटजींनी दोनदा डोळे वटारले तेव्हा थांबलो. पण ते फुकटात झालं. भूमच्या आजूबाजूला कुठंही मंडप घातला की स्टेजच्या कोपऱ्यात फेटा बांधून, माईक धरून जो माणूस उभा दिसेल, तो बहुतेक मी. "नवरीच्या मामांनी असतील तिथून ताबडतोब यावं. मामा, चहा नंतर, भाची आधी!" "पंगतीतल्या मंडळींनी वरणासाठी ओरडू नये, वरण निघालेलं आहे, वाटेत आहे." असलं बोलून लोकांना हसवायचं, कुणाचा सत्कार राहू द्यायचा नाही, थोरल्या व्याह्याच्या आधी धाकट्याचं नाव घ्यायचं नाही, आणि अक्षता पडेपर्यंत मंडप जागेवर बसवून ठेवायचा. एवढंच काम. पण ते मला फार आवडतं. हे लिहितानाही मी मधूनमधून उभा राहतोय.

ज्यांच्याकडं मी हे शिकलो ते माझे वस्ताद एकच नियम सांगायचे. "माईक चालू असताना तोंड बंद ठेवायचं न्हाय. तू चार श्वास गप बसलास की लोक जेवायला उठत्यात. मग काय, टोप्या-टॉवेल कुणाला देतोस, खुर्च्यांना?"

तो नियम माझ्या हाडात मुरला. घरी आलो तरी माझा माईक बंद होत नसे. जेवताना बोलायचो, आंघोळीला बसल्यावर आतून बोलायचो. माझी बायको नळदुर्गकडची, शांत स्वभावाची. लग्नानंतर तिनं एकदोनदा मध्ये बोलायचा प्रयत्न केला असावा. मग तिनं तो नाद सोडला. मला वाटायचं, तिला माझं ऐकायला आवडतं. असं वाटायला काय जातंय?

लग्नानंतर नवव्या वर्षी आम्हाला मुलगी झाली. ती पाळण्यात होती तेव्हापासून मी तिच्यासमोर कार्यक्रम सुरू केला. तिला खुदकन हसवण्यासाठी मी कुत्रा व्हायचो, एसटीचा कंडक्टर व्हायचो, चिडलेला व्याही व्हायचो. ती टकामका बघायची, हसायची, पाय झाडायची. असा श्रोता मला जन्मात मिळाला नव्हता.

पण ती बोलेना.

वर्षाची झाली, बोलली नाही. दोन वर्षांची झाली. पाहिजे त्या वस्तूकडं बोट करायची आणि "अं" म्हणायची. तो "अं" सुद्धा वरच्या पट्टीत कधी नाही. गल्लीतली तिच्याबरोबरची पोरं भांडायला लागली, शिव्या शिकली, आमची लेक उंबऱ्यात बसून त्यांच्याकडं बघायची. लोक गमतीनं म्हणायचे. समोरच्या म्हातारीनं तर भर चौकात मला गाठलं. "काय रं, समदं बोलून तूच संपवलंस. पोरीला काय शिल्लक ठिवलं न्हाईस."

मी हसलो. हसवणाऱ्या माणसाला हसावंच लागतं. पण त्या दिवशी जी भीती माझ्याबरोबर घरात शिरली, ती पुढं दोन वर्षं गेली नाही.

त्या भीतीला तोंड फुटलं ते एका मंगल कार्यालयात. मुलगी सव्वातीन वर्षांची होती. त्या दिवशी लग्न आमच्या नात्यातलंच होतं म्हणून बायको आणि लेकही आल्या होत्या. लग्नाच्या गर्दीत लहान मुलं हरवतातच. आमच्याकडं सापडलेलं लेकरू सरळ स्टेजवर माईकवाल्याकडं आणून देतात. मी त्याला कडेवर घेतो, नाव विचारतो, गाव विचारतो. पोरगं रडत रडत का होईना काहीतरी सांगतं. "पिंटू." "भूम." "माझ्या आईची साडी हिरवी हाय." तेवढ्यावर दोन मिनिटांत आई हजर. मंडपही हसतो.

मी सत्कारांची यादी वाचत होतो. मागून कुणीतरी माझा सदरा ओढला आणि एका अनोळखी माणसाचा आवाज आला. "ओ माईकवाले, ह्ये लेकरू सापडलंय. नाव इचारलं तर नुसतं बघतंय. मुकं दिसतंय बिचारं."

मी वळलो. त्याच्या कडेवर माझी मुलगी होती.

ती रडत नव्हती. माझ्याकडं बघत होती. आईचा हात सुटून ती त्या गर्दीत किती वेळ फिरली कुणास ठाऊक. मला बघून तिनं हात पुढं केले आणि म्हणाली, "अं."

आता मी काय करावं? नियम म्हणजे नियम. माईक चालू होता. मी तिला कडेवर घेतलं आणि बोललो, "मंडळी, ही आमच्याच घरची पाहुणी आहे, हिच्या आईनं काळजी करू नये, बाप स्टेजवरच आहे!" लोक हसले. मी पुढचं नाव वाचलं. मग तेच नाव परत वाचलं, आणि तिसऱ्यांदाही तेच. माझ्या डोक्यात एकच विचार घोंघावत होता. आज इथं मी होतो. उद्या यात्रेत, आठवडी बाजारात, एसटी स्टँडवर हिला कुणी उचलून घेतलं आणि विचारलं, "कुणाची गं तू?", तर ही काय सांगेल? मोटारीत बसवून कुणी घेऊन गेलं तर ही साधं "नाही" तरी म्हणेल का?

त्या दिवसापासून मी तिला घेऊन बाजारात जाणं बंद केलं.

मग घरात उपाय सुरू झाले. माझ्या आईनं सूत्रं हातात घेतली. वेखंड उगाळून, मधात कालवून जिभेवर चोळलं. लेकीनं थुंकून सगळं आजीच्या लुगड्यावर घातलं. देवळातली घंटा उलटी करून त्यात पाणी ओतायचं आणि ते पाजायचं, असं कुणीतरी सांगितलं. आता टांगलेली घंटा उलटी कशी करणार? मी शिडीवर, आई खाली तांब्या घेऊन, आणि गुरव हात जोडून म्हणतोय, "आवं पाटील, घंटा पडंल, मग देवच मुका व्हईल." शेवटी आईनं बाजारातून पितळेची छोटी घंटा आणली. घरी उलटी करून तीच वापरली. काही झालं नाही.

मग राघूचं उष्टं. पोपटानं टोकरलेला पेरू खाल्ला की पोरं पोपटासारखी बोलतात म्हणे. एवढा मोठा माणूस मी, तीन दिवस लोकांच्या पेरूच्या बागांत वर बघत फिरलो. एका बागवाल्यानं मला चोर समजून हटकलं. कारण सांगितल्यावर त्याला हसू आवरेना, पण त्यानं स्वतः झाडावर चढून तसला पेरू काढून दिला. लेकीनं तो आवडीनं खाल्ला. बोट करून म्हणाली, "अं." म्हणजे अजून पाहिजे.

माझा स्वतःचा उपाय म्हणजे जास्त बोलणं. दुसरं मला येत काय होतं? भिंतीवर तक्ते लावले. फळं, भाज्या, प्राणी, वाहनं. रोज सकाळी काठी घेऊन मी तक्त्यासमोर उभा. "हा कोण? हत्ती! हत्तीला काय असतं? सोंड! सोंडेनं काय करतो? पाणी उडवतो! फुर्रर्र!" लेक काठीच्या टोकाकडं बघायची. दुपारी मी कामाला गेल्यावर मोबाइलवर गाणी लावून ठेवायला सांगायचो, म्हणजे घरात आवाज राहील. मला वाटायचं, शब्द हे पाण्यासारखे असतात. जेवढे ओतावे तेवढं भांडं भरेल, आणि एक दिवस आपोआप वाहायला लागेल.

शेवटी बायको म्हणाली, "तिला ऐकू येतंय का, ते एकदा बघू." हे वाक्य ती बरेच दिवस तोंडात धरून बसली असणार. मी गप्प झालो, तो बहुतेक चार श्वासांपेक्षा जास्त वेळ.

धाराशिवला सरकारी दवाखान्यात कानांची तपासणी झाली. मुलगी झोपलेली असावी लागते, मग डोक्याला तारा लावून यंत्रावर बघतात. तिला झोप येईना. कशी येणार? मी तिला झोपवायला अंगाई म्हणत होतो आणि मध्येच नर्सबाईंना यंत्राबद्दल विचारत होतो. त्या बाई अखेर म्हणाल्या, "तुम्ही जरा बाहेर बसता का?" मी बाहेर बाकड्यावर बसलो. त्या पॅसेजमध्ये एक पंखा कुरकुरत होता. मी पंख्याचा आवाज ऐकत होतो आणि माझ्या डोळ्यांपुढं येत होतं, की माझा सगळा खेळ, कुत्रा, कंडक्टर, व्याही, तिला नुसता हलणाऱ्या तोंडाचा दिसला असेल. आवाजाशिवाय. तीन वर्षं.

कान चांगले निघाले. डॉक्टर म्हणाले, "ऐकू व्यवस्थित येतंय." बायकोनं पदर डोळ्यांना लावला. मीही आनंदानं चार माणसांना फोन केले. पण एसटीत बसल्यावर दुसरी भीती शेजारी येऊन बसली. ऐकू येतंय, मग बोलत का नाही?

डॉक्टरांनीच आम्हाला बार्शीच्या एका बाईंकडं जायला सांगितलं होतं. लहान मुलांच्या बोलण्यावर काम करणाऱ्या. मी मोठ्या टेबलाच्या, चष्म्याच्या बाईंची कल्पना केली होती. निघाली पंचविशीतली मुलगी, सतरंजीवर मांडी घालून बसलेली. खोलीत रबराची गाय, प्लॅस्टिकची भातुकली, दोनतीन चेंडू. म्हणाली, "घरी जसे हिच्याशी खेळता तसे खेळा. मी नुसती बघते."

खेळा? प्रेक्षक समोर असताना? मी बाह्या वर केल्या. "ही कोण? गाय! गाय कशी ओरडते? हम्म्मा! गाय काय देते? दूध! दूध कोण पितं? बाळ पितं! बाळ कोण? हे बाळ!" चेंडू उडवला, गायीला चेंडू खाऊ घातला, गायीला ठसका लागला. माझी लेक हसली. ती बाईसुद्धा हसली. मी घामाघूम झालो होतो आणि मनात म्हणत होतो, असा बाप हिनं बघितला नसेल.

"दादा, तुम्ही फार छान बोलता," ती म्हणाली.

"लग्नात बोलतो मी," मी म्हणालो.

"तुम्ही आत्ता तिला बरेच प्रश्न विचारले. मी खुणा करत होते." तिनं वही पुढं केली. पान उभ्या रेघांनी भरलं होतं. "ह्या सगळ्या प्रश्नांची उत्तरं कुणी दिली?"

मी वहीकडं बघितलं. "ती देत नाही ना. म्हणून मी देतो."

"असेल तसं. किंवा उलटंही असेल." तिचा आवाज अजिबात चढला नाही. "तुमच्यामुळं ती बोलत नाही असं मी म्हणत नाही. काही मुलांना उशीर लागतो आणि कारण सापडतही नाही. पण गर्दीत लहान मूल रस्ता ओलांडायला उभं असतं ना, तसं आहे हे. तुमच्या बोलण्याच्या गाड्या थांबतच नाहीत. तिनं पाय टाकायचा कधी?"

मग तिनं सांगितलं की काहीही विचारलं, काहीही म्हटलं, की तिच्याकडं बघत मनातल्या मनात दहापर्यंत मोजायचं. सावकाश. ती जिकडं बघते आहे त्याच्याबद्दल बोलायचं, आपल्या तक्त्याबद्दल नाही. ती एक शब्द बोलली तर आपण त्यात एकच घालून परत द्यायचा. आणि "म्हण म्हण" म्हणून मागं लागायचं नाही.

"असं केल्यावर बोलेल?" बायकोनं विचारलं.

ती बाई थोडा वेळ थांबली. तीही मोजत असावी. "आत्ता सांगता येणार नाही," ती म्हणाली. "करत राहू, आणि दर महिन्याला बघू."

मला वाटलं होतं ती "हो" म्हणेल. डॉक्टर लोक म्हणतात ना, "काळजी करू नका". ही म्हणालीच नाही.

दहापर्यंत मोजणं म्हणजे काय हे तुम्हाला वाटतं तेवढं सोपं नाही. करून बघा. मी लेकीसमोर बसायचो आणि म्हणायचो, "चेंडू कुठं गेला?" एक. दोन. ती माझ्याकडं बघायची. तीन. चारला माझ्या ओठांवर "खाटेखाली!" येऊन उभं राहायचं. पाचला मी ते चावायचो. सहाला घाम. आणि सातला भीती यायची. मी बोलत असताना ही भीती मागं राहायची, आवाजाला घाबरून. आता घरात शांतता पडली की ती समोरच येऊन बसायची. ही कधीच बोलणार नाही. आठ. मी मेल्यावर हिचं काय? नऊ. दहा. लेक उठून खाटेखाली जायची, चेंडू घेऊन यायची, आणि माझ्या मांडीवर ठेवायची. शब्द नाही.

त्या शांततेत एक मात्र घडलं. मला माझ्या बायकोचं बोलणं ऐकू आलं.

मी ओसरीवर तोंड मिटून बसलेलो असायचो आणि आत स्वयंपाकघरात ती भाकरी करता करता लेकीशी बोलत असायची. हळू, तुटक, मध्ये भरपूर जागा सोडून. "ही परात... पीठ घेऊ... अगं, कोंडा राहिला चाळणीत... कोंडा गाईला." मग भाकरी थापल्याचा आवाज. मग "उलथनं कुठंय? हां. गरम हाय ते." लेक काही बोलत नव्हती, पण तिच्या हातातून उलथनं, फडकं, मिठाचं भांडं बरोबर पुढं येत होतं. तक्त्यावरचा हत्ती आमच्या भूममध्ये कुणाच्या बापानं बघितला होता? पण परात होती, काटवट होती, शेंगांचं टोपलं होतं.

एक दिवस ती शेंगा फोडत बसली होती. लेक समोर. बायकोनं एक शेंग कानाजवळ हलवली आणि म्हणाली, "एका खोलीत दोघी बहिणी, दार फोडल्याबिगर भेटत न्हाईत. सांगा कोण?" मग थांबली. खूप थांबली. मग शेंग फोडून दोन दाणे लेकीच्या तळव्यावर ठेवले.

मी आत जाऊन विचारलं, "हा उखाणा कुठला?"

"आमच्याकडं घालतात. माझी आजी घालायची."

"मला कधी सांगितला नाहीस."

ती शेंगा फोडत राहिली. "कधी सांगणार? तुमचं बोलणं संपलं की मी घोरत असते."

त्यानंतर मीही संध्याकाळी शेंगांच्या टोपल्यापाशी बसायला लागलो. दिवसांमागून दिवस. उखाणा घालायचा, दहा मोजायचे, शेंग फोडायची. आठवडे गेले. आई म्हणायची, "ह्यो पोरगा शेंगा खाऊन खाऊन पित्तानं मरंल." बार्शीला जाऊन आलो. ती बाई म्हणाली, करत राहा. मला तिच्या शांतपणाचा राग यायला लागला होता.

आणि एका संध्याकाळी, "सांगा कोण?" असं म्हणून मी मोजत होतो, नऊ झाले, आणि लेक म्हणाली, "शेंग."

स्वच्छ. अनुस्वारासकट.

आता मी जे केलं ते सांगायला मला अजून लाज वाटते. मी तिला उचललं. ओरडत अंगणात आलो. "बोलली! मंडळी, बोलली! शेंग म्हणाली!" समोरची म्हातारी आली, शेजारची माणसं आली, नळावरच्या बायका घागरी ठेवून आल्या. आणि माझ्या तोंडून सवयीनं निघून गेलं, "होऊन जाऊ द्या, जोरदार टाळ्या!" सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. एकानं मोबाइल काढला. मी लेकीला त्याच्यासमोर धरलं. "म्हण बाळा. शेंग म्हण. एकदाच. शेंग!" गल्लीभर सगळे ओरडायला लागले, "शेंग! शेंग! शेंग म्हण!"

लेकीनं माझ्या खांद्यात तोंड खुपसलं. बायको गर्दीतून पुढं आली, तिला माझ्याकडून काढून घेतलं आणि आत गेली.

मी मागोमाग गेलो. बायको माझ्यावर आयुष्यात एकदाच चिडली, ती तेव्हा. "ती काय तुमच्या मंडपात बोलली हुती व्हय? तिला शेंग दिसली, ती शेंग म्हणाली. तेवढंच. तुमी त्याची वरात काढली."

त्यानंतर लेक गप्प झाली. आधी होती त्यापेक्षा गप्प. "अं" सुद्धा बंद. शेंगांचं टोपलं दिसलं की उठून दुसऱ्या खोलीत जायची. मी जवळ गेलो की आईचा पदर ओढून तोंडावर घ्यायची. एक दिवस, दोन दिवस, आठवडा, दुसरा आठवडा. तिचं दार माझ्या समोर किलकिलं झालं होतं आणि मी लाथ मारून आत शिरायला गेलो होतो. आता आतून कडी लागली होती.

त्या दिवसांतल्या लग्नांत मी काय बोललो, मला आठवत नाही. एवढं आठवतं की एका मंडपात मी विचारलं, "नवरदेवाचे काका आलेत का?" आणि थांबलो. नकळत मोजायला लागलो. सहा, सात, आठ. शुद्धीवर आलो तेव्हा अर्धा मंडप जेवायला उठला होता. वस्ताद बरोबर होते. नवरदेवाच्या बापानं माझ्याकडं असं बघितलं, की अक्षतांच्या जागी त्याला माझ्यावर दगड टाकायचे होते.

बार्शीच्या बाईला मी सगळं खरं सांगितलं. मला वाटलं ती रागावेल. ती म्हणाली, "आनंद झाला म्हणून केलंत." मग म्हणाली, "आता काही विचारूच नका तिला. काही दिवस नुसते शेजारी बसा."

नुसतं शेजारी बसणं! मी बसलो. ती जिथं बसेल तिथं, हातभर अंतर ठेवून. सुरुवातीला ती उठून जायची. मग जायची थांबली. तिला काय बघायला आवडतं ते मला तेव्हा कळलं. मुंग्या. दोरीवर वाळत घातलेले कपडे हलताना. पत्र्यावर उतरणारे पारवे. चार वर्षांत मी हे कधी बघितलं नव्हतं, कारण मी तिच्या आणि त्या गोष्टींच्या मध्ये उभा राहून कुत्रा होत होतो.

एका दुपारी आम्ही दोघं ओसरीवर होतो. समोरच्या भिंतीवर, ट्यूबलाइटच्या पट्टीपाशी, एक पाल होती. जाड, पांढुरकी. लेक तिच्याकडं बघत होती. मीही बघत होतो. मोजत नव्हतो.

"पाल," लेक म्हणाली.

माझ्या छातीत अख्खा बँड वाजायला लागला. मी मान वळवली नाही. पालीकडंच बघत, दबक्या आवाजात म्हणालो, "मोठी पाल."

खूप वेळ गेला. पाल पट्टीच्या मागं सरकली.

"पाल गेली," लेक म्हणाली.

"हं," मी म्हणालो. "गेली."

मग मी सावकाश उठलो, अगदी काही झालंच नाही असा चालत परसात गेलो, न्हाणीमागं उभा राहिलो, खांद्यावरचा टॉवेल तोंडात कोंबला आणि नाचलो. आई धुणं घेऊन तिथून चालली होती. तिनं बघितलं आणि आत जाऊन सुनेला म्हणाली, "ह्याला काय चावलंय बघ."

एवढ्यानं सगळं नीट झालं असं नाही. शब्द आले, ते एकेक करत, वाळवणातल्या पाखरांसारखे. जरा हालचाल झाली की उडायचे. दोन पावलं पुढं, मग आठवडाभर काहीच नाही. पाचव्या वर्षी ती तीनचार शब्दांची वाक्यं बोलायला लागली, पण घरातच. परक्या माणसानं काही विचारलं की तिला वेळ लागायचा. शब्द असायचे, पण ते घेऊन उंबऱ्यापर्यंत यायला वेळ लागायचा. आम्ही घरात थांबायला शिकलो होतो. माझी आईसुद्धा, ती मोजायची नाही, पण "राम राम" म्हणत बसायची. पण बाहेर कोण थांबतं? बाजारात, एसटीत, दवाखान्यात, लोक विचारतात आणि दोन श्वासांत स्वतःच म्हणतात, "लाजती वाटतं." माझी भीती आता घरातून निघून रस्त्यावर उभी होती.

मग पहिलीचा पहिला दिवस आला. शाळेच्या दाराला आंब्याचं तोरण, पोरांच्या हातात फुगे. आम्हा आईबापांना व्हरांड्यात थांबवलं होतं. खिडकीतून वर्ग दिसत होता. पोरं एवढी, की निम्मी रडत होती आणि निम्मी त्या रडणाऱ्यांकडं बघत होती. बाई बिचाऱ्या एकट्या. हातात हजेरीचा कागद, एकेका पोरापाशी जात होत्या. "नाव सांग. मोठ्यानं. हां, शाबास. तुझं?"

आमची लेक तिसऱ्या ओळीत होती.

बाई तिच्यापाशी आल्या. "तुझं नाव काय गं?"

मी मोजायला लागलो. एक. दोन. लेक बाईंकडं बघत होती. तीन. तिचे ओठ मिटलेले. चार. मागं एक पोरगं भोकाड पसरून रडायला लागलं. पाचला बाईंनी कागदावरून वर बघितलं, तिच्या डोक्यावर मायेनं हात ठेवला आणि म्हणाल्या, "बरं, नंतर सांग हं." आणि पुढच्या मुलाकडं वळल्या.

माझं तोंड उघडलं. सगळं तयार होतं. तिचं नाव, बापाचं नाव, आडनाव, गाव, तालुका. अख्ख्या शाळेला ऐकू जाईल अशा आवाजात, एका दमात, मी ते खिडकीतून आत फेकणार होतो. श्वास भरला होता. बायकोनं माझं मनगट धरलं. तिनं ते इतकं जोरात धरलं की श्वास तसाच अडकला.

"थांबा," आतून आवाज आला.

बाई पुढच्या मुलाशी बोलत होत्या. त्यांना ऐकू गेलं नाही.

लेक उठून उभी राहिली. तिच्या हातातला फुगा सुटून वर गेला, तिनं तिकडं बघितलं नाही. तिनं बाईंच्या पदराचं टोक धरलं.

"बाई, थांबा. सांगतीय मी."

बाई वळल्या. थांबल्या. वर्गात पोरं रडतच होती. लेकीनं पदर न सोडता नाव सांगितलं. आधी स्वतःचं. मग थोडा वेळ गेला. मग आईचं. मग आणखी थोडा वेळ, आणि माझं, त्यात ती जरा अडखळली, कारण 'र' तिला अजून नीट येत नव्हता. मग गाव.

"बस बाळा," बाई म्हणाल्या आणि कागदावर खूण केली.

माझा सदरा पाठीला चिकटला होता. शेजारचा एक बाप मला काहीतरी विचारत होता, मला ते समजत नव्हतं. बायकोनं माझं मनगट सोडलं तेव्हा त्यावर तिच्या चार नखांच्या खुणा उमटल्या होत्या. त्या संध्याकाळपर्यंत तशाच होत्या.